एमजीबीत पुन्हा पुन्हा पाणी आणि धूर येतोय? आधी आपली फायरवॉल कुठली ते ओळखा

पाऊस झाला की डाव्या बाजूचा गालिचा ओला, आणि सिग्नलला गाडी उभी राहिली की आत पेट्रोलचा वास. माझ्या एमजीबीत, म्हणजे एमजी कंपनीच्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्सकारमध्ये, हा त्रास चार वर्षं चालला. ग्रोमेटचा (पत्र्यातल्या भोकांत बसणाऱ्या रबरी कड्यांचा) पूर्ण संच दोनदा बदलला, पुढच्या काचेचं रबर नवं घातलं, हीटर उतरवून पुन्हा बसवला. दर वेळी दोन-तीन आठवडे बरे जायचे आणि मग पुन्हा तेच. कारण शेवटी सापडलं ते असं: मी ज्या वर्षाचे आणि ज्या बाजूच्या स्टिअरिंगचे भाग मागवत होतो, माझी फायरवॉल त्या वर्षाची आणि त्या बाजूची नव्हतीच.

मी राहतो इंग्लंडात, स्विंडनला. एमजीबीचे पत्र्याचे सांगाडे याच गावात तयार व्हायचे आणि ॲबिंग्डनच्या कारखान्यात पूर्ण गाडी उभी राहायची. १९६२ ते १९८०, अठरा वर्षांत पाच लाखांहून जास्त गाड्या. लांबून पाहिलं तर सगळ्या एकाच घरातल्या भावंडांसारख्या दिसतात, त्यामुळे ‘एमजीबीचा भाग एमजीबीला बसणारच’ असं कुणालाही वाटतं. पण इंजिन आणि आपली बसायची जागा यांच्यामधली ती पत्र्याची भिंत, जिला इकडे बल्कहेड आणि अमेरिकेत फायरवॉल म्हणतात, ती वर्ष, देश आणि गाडीबरोबर घेतलेले ऑप्शन यांप्रमाणे वेगवेगळी निघते. कुठे हीटर आहे, कुठे नाही. कुठे पेडल डाव्या बाजूला, कुठे उजव्या. कुठे एक केबल आत येते, कुठे तिची जागा वायरने घेतली. प्रत्येक बदलाबरोबर एक भोक वाढतं किंवा एक भोक रिकामं पडतं. आणि पन्नास वर्षांत चार मालक, तीन गॅरेज, एक-दोन इंजिनबदल झाले की कुठलं भोक कशाचं, हे कुणालाच आठवत नाही.

आधी ओल कशाची ते पाहा

भोकं शोधायला बसण्याआधी पाच मिनिटं खाली वाकून बोट लावा. हे मी पहिल्या वर्षी केलं असतं तर हीटर उतरवायचे दोन दिवस वाचले असते.

नुसतं पाणी असेल तर बोटावर काहीच राहत नाही, आणि गाडी दोन दिवस कोरड्या जागी ठेवली की गालिचा वाळायला लागतो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) असेल तर बोट किंचित चिकट लागतं, गोडसर वास येतो, आणि हीटर लावला की पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरतं. म्हणजे हीटरचा आतला रेडिएटर किंवा त्याचा पाइप गळतोय. फायरवॉलचा त्यात दोष नाही.

तिसरी शक्यता लोक विसरतात, आणि धोका सगळ्यात जास्त तिच्यात आहे. ओल चालकाच्या बाजूला, पेडलच्या अगदी मागे असेल, बोटाला बुळबुळीत लागत असेल आणि कितीही दिवस गेले तरी वाळत नसेल, तर ते ब्रेक ऑइल आहे. एमजीबीत क्लच आणि ब्रेक या दोघांचे मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेलाला दाब देणारी नळकांडी) पेडल बॉक्सवर, म्हणजे पेडल ज्यात टांगलेले असतात त्या पत्र्याच्या डब्यावर, शेजारी शेजारी बसतात. त्यांचं मागचं सील गेलं की तेल पुशरॉडवरून (पेडलला जोडणाऱ्या दांड्यावरून) ओघळत थेट आत येतं. पेडल बॉक्सचा रंग फुगून सुटत असेल तर शंकाच नको, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. असं दिसलं तर भोकांचा शोध बाजूला ठेवा, गाडी चालवू नका, आणि सिलिंडर आधी करून घ्या.

माझ्याकडे होतं ते नुसतं पाणी. आणि ते यायचं डावीकडे, म्हणजे इंग्लंडातल्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाशी. बायकोने दोन हिवाळे पायाखाली जुना टॉवेल ठेवून प्रवास केला. वासही तिला आधी यायचा, मला नंतर. ही खूण महत्त्वाची होती, पण मी तिचा अर्थ लावला नाही.

नोंदणीचं वर्ष बाजूला ठेवा, चासी नंबर वाचा

माझ्या कागदांवर गाडी १९७४ ची आहे. मी तीन वर्षं ‘१९७४, उजवं स्टिअरिंग’ असं सांगून भाग मागवले. मागे एकदा चासी नंबर नीट वाचला तेव्हा डोळे उघडले. सुरुवात जीएचएन५यूडी अशी आहे.

हा नंबर वाचायला शिका, अवघड नाही. जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिनाचा गट, एन म्हणजे उघडी दोन आसनी आणि डी असेल तर बंद छताची जीटी. त्यापुढचा आकडा मालिका सांगतो: ३ म्हणजे सुरुवातीच्या गाड्या, ४ म्हणजे १९६७ च्या शरद ऋतूतली मार्क टू (दुसरी आवृत्ती), ५ म्हणजे १९६९ च्या शरदापासून पुढच्या. त्यानंतर एल अक्षर असेल तर गाडी डाव्या स्टिअरिंगची जन्मली. यू असेल तर अमेरिकेसाठी, आणि यू नंतरचं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं. ए म्हणजे १९७०, बी म्हणजे १९७१, असं पुढे. म्हणून माझी यूडी म्हणजे १९७३ चं मॉडेल, अमेरिकेसाठी बांधलेलं, डावं स्टिअरिंग. तिकडे विकली गेली १९७४ मध्ये, म्हणून कागदावर १९७४. नंतर कुणीतरी तिला इंग्लंडात परत आणून उजव्या हाताची केली.

अशा हजारो गाड्या इकडे आल्या आहेत, कारण कॅलिफोर्निया, ॲरिझोनासारख्या कोरड्या हवेतला पत्रा गंजत नाही. घेताना हीच गोष्ट जमेची धरतात आणि ती खरीही आहे. पण अशा गाडीच्या फायरवॉलवर दोन आयुष्यांच्या खुणा असतात. बायको जिथे बसते तिथे आधी चालक बसायचा. तिच्या पायासमोर पेडलचं, स्टिअरिंगचं, ॲक्सिलरेटर केबलचं अशी सगळी जुनी भोकं आहेत. आणि मी उजव्या बाजूचे ग्रोमेट बदलत बसलो होतो.

नंबरची पट्टी गेली असेल किंवा संशय असेल, तर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवता येतं. मूळ कारखान्याच्या नोंदीवरून बांधणीची तारीख, कुठल्या देशासाठी आणि बरोबर काय काय ऑप्शन होते ते त्यात येतं. ज्याला फायरवॉल मूळ रूपात आणायची आहे त्याने हे पैसे आधी खर्च करावेत. एका चुकीच्या पार्सलमध्ये तेवढे सहज जातात.

कुठल्या वर्षी काय बदललं

मी इथे सगळे बदल देत नाही. पाणी, धूर आणि उष्णता यांच्याशी संबंध आहे तेवढेच देतो.

सुरुवातीच्या गाड्यांत हीटर हा वेगळे पैसे देऊन घ्यायचा भाग होता. एमजीबीचा हीटर इंजिनच्या बाजूला, फायरवॉलच्या मधल्या शेल्फवर बसतो आणि त्याचं तोंड खाली आत उघडतं. ज्याने हीटर घेतला नाही त्याच्या गाडीत त्या तोंडावर सपाट पत्रा लावून दिलेला असे. पुढे मालकाने हीटर बसवला तर पत्रा जातो. कुणी हलकी रेसगाडी करायची म्हणून हीटर काढला तर पत्रा लागतो, आणि तो बहुतेक वेळा हाताने कापून, गॅस्केटशिवाय (जोडात फट राहू नये म्हणून घालायच्या थराशिवाय), चार स्क्रूवर ठोकलेला सापडतो. तुमच्या गाडीत हीटर नसेल तर पहिला संशय तिथे घ्या.

१९६४ च्या शेवटी तीन बेअरिंगच्या जागी पाच बेअरिंगचं इंजिन आलं. त्याच सुमारास केबलवर चालणारा टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) जाऊन विजेवरचा आला. जुन्या गाडीत नंतरचं इंजिन घातलं असेल, आणि अशा गाड्या भरपूर आहेत, तर टॅको केबलचं भोक आता कामाचं नाही. त्यात रिकामं ग्रोमेट तसंच असतं, मध्यभागी बोटाएवढी वाट उघडी.

मग येते १९६७ ची मार्क टू. चारही गिअरना सिंक्रोमेश (गिअर खरखर न करता पडावा म्हणून असलेली यंत्रणा) असलेला नवा गिअरबॉक्स आला, ऑटोमॅटिकचा पर्याय आला, आणि दोन्ही मोठे असल्यामुळे गिअरबॉक्सवरचा मधला पत्र्याचा उंचवटा, म्हणजे टनेल, रुंद करावा लागला. टनेल जिथे फायरवॉलला मिळतो तिथला आकारच बदलला. त्यामुळे त्या जोडावरचे गालिचे, उष्णता अडवणारी पॅडं, गिअर लिव्हरखालची रबरं मार्क वन आणि मार्क टूमध्ये अदलाबदल होत नाहीत. ओढून-ताणून बसवली तर कडेला फट राहते आणि गिअरबॉक्सभोवतीची गरम हवा तिथून वर येते. ऑटोमॅटिक गाडीत क्लच नाही, म्हणजे क्लच सिलिंडरची जागा मोकळी. अशी गाडी मॅन्युअल केली असेल किंवा मॅन्युअलची ऑटोमॅटिक, तर पेडल बॉक्स उघडून बघाच.

अमेरिकेसाठीच्या गाड्यांचं घराणं इथून वेगळं होतं. १९६८ च्या मॉडेलपासून त्यांना दोन सर्किटचे (एक गेलं तरी दुसऱ्यावर चालणारे) ब्रेक आणि धडकेचा जोर शोषणारा स्टिअरिंग कॉलम मिळाला. इंग्लंडातल्या गाड्या अजून एका सर्किटवरच होत्या. त्यामुळे मास्टर सिलिंडर वेगळा, त्यावरचं पत्र्याचं झाकण वेगळं. १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकेच्या गाडीत ब्रेकचा सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) थेट पेडल बॉक्सवर आला, आणि बॉक्स पुन्हा बदलला. इंग्लंडात त्या काळात सर्व्हो मिळायचा तो वेगळा, इंजिनखोलीत बाजूला बसवलेला, पाइपांनी जोडलेला. सांगायचा मुद्दा असा की ‘एमजीबीचं पेडल बॉक्स गॅस्केट’ एवढंच म्हणून ऑर्डर देऊ नका. आपला बॉक्स काढा, पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने कड गिरवा, बोल्टची भोकं मोजा, आणि दुकानदाराला तो पुठ्ठा दाखवा.

१९७३ मध्ये साडेतीन लिटरची जीटी व्हीएट आली. रुंद इंजिन मावावं म्हणून पुढच्या पत्र्यात फेरफार झाले, आणि १९७४ च्या शरदात रबरी बंपर आले तेव्हा साध्या चार सिलिंडरच्या गाडीलाही तशीच इंजिनखोली मिळाली. म्हणून क्रोम बंपरच्या गाडीत व्हीएट बसवणाऱ्यांना पत्रा ठोकावा, कापावा लागतो आणि रबरी बंपरवाल्यांना फारसा लागत नाही. ठोकलेल्या फायरवॉलवर बारीक चिरा शोधा. विशेषतः स्पॉट वेल्डच्या रांगेत.

शेवटचा मोठा बदल १९७७ च्या मॉडेलचा. डॅशबोर्ड नवा, आणि पाण्याच्या तापमानाचा काटा विजेवर गेला. त्याआधीच्या काट्याला इंजिनपासून थेट बारीक तांब्याची नळी येते. ती नळी जिथून आत शिरते तिथलं ग्रोमेट एका बाजूने चिरलेलं असतं, नाहीतर नळीचं टोक त्यातून जाणारच नाही. चीर खाली आली तर त्यातून पाणी शिरतं. ग्रोमेट फिरवून चीर वर करा. एवढ्यावर एका मित्राच्या गाडीतलं निम्मं पाणी थांबलं.

काळोख करा

भोकं शोधायची माझी पद्धत आधी चुकीची होती. भर उन्हात बॉनेट उघडून वरून बघायचो. वायरी, पाइप, हीटरचा डबा यांच्या गर्दीत काही दिसत नाही.

शेजारचे काका म्हापशाचे. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं खूप आहेत, आणि या काकांनी आयुष्यभर आखातात ट्रकांची इंजिनं उघडली. मी एका शनिवारी डॅशबोर्डखाली डोकं घालून पडलो होतो तेव्हा ते आले, पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, “पयलीं काळोख कर रे. मागीर बुराक दिसतलो.” बुराक म्हणजे भोक. काळोख कर, मग दिसेल.

रात्री नऊला गॅरेजचं दार लावलं, फटींना चादरी लावल्या, इंजिनखोलीत दोन एलईडी दिवे सोडले आणि बॉनेट हलकेच खाली आणलं. गालिचे, पॅडं सगळं आधीच बाहेर काढलेलं. मी डाव्या सीटखाली उताणा झोपलो आणि डोळे सरावेपर्यंत थांबलो. हळूहळू दिसायला लागलं. उजवीकडे एकही ठिपका नाही, तिथे माझी चार वर्षांची मेहनत होती. डावीकडे मात्र वर एक लांबट चौकोन, तीन बाजूंनी प्रकाशाची बारीक रेघ. खाली, पायाच्या उताराच्या पत्र्यात, एक अर्धा चंद्र. आणि मध्ये कुठेतरी एकटा पांढरा ठिपका, साबुदाण्याच्या दाण्याएवढा.

चौकोन म्हणजे जुन्या डाव्या पेडल बॉक्सचं तोंड. एमजीबी दोन्ही बाजूंच्या स्टिअरिंगसाठी एकाच ओळीत बांधली जायची, म्हणून पेडल बॉक्सची जागा दोन्हीकडे असते आणि चालक नसलेल्या बाजूला पत्र्याची पट्टी बोल्टने आवळून बंद केलेली असते. माझ्या गाडीत ती पट्टी होती, पण दोन बोल्ट नव्हते आणि खालचं गॅस्केट बोटाने चोळल्यावर भुसा होऊन पडलं. अर्धा चंद्र म्हणजे जुन्या स्टिअरिंग कॉलमचं भोक. त्यावर कुणीतरी जुन्या नंबरप्लेटचा तुकडा पुट्टीने चिकटवून रंग फासला होता. पुट्टी एका कडेने सुटली होती. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक घातलं आणि पूर्ण तुकडा पिवळ्या अक्षरांसकट हातात आला. मागे गंजाची तांबडी चकती. ठिपका होता ॲक्सिलरेटर केबलच्या जुन्या वाटेचा.

ही तीन भोकं इंजिनच्या डाव्या बाजूला तोंड करून आहेत, आणि एमजीबीच्या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करणारी गरम नळी) दोन्ही डावीकडेच असतात. पेट्रोलचा वास डावीकडे का, बायकोच्या पायाला ऊब का, सगळं तिथेच जुळलं.

काळोखानंतर पाण्याची पाळी. बागेचा झारा घ्या, पाइपचा जोराचा फवारा नको. एक माणूस आत टॉर्च घेऊन. खालून वर जा: आधी फायरवॉलचा खालचा भाग, मग शेल्फ, मग काचेखालची जाळी, सगळ्यात शेवटी काच. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे पसरतं आणि काहीच कळत नाही.

धुराची वाट शोधायला कुणाच्याही मनात पहिल्यांदा उदबत्ती येईल. पेट्रोलचा वास येणाऱ्या गाडीत ती चुकूनही पेटवू नका. इंजिन उघड्यावर सुरू ठेवून टिश्यूची पातळ पट्टी संशयाच्या जागी धरा, ती हलते. आणि एक लक्षात ठेवा: पेट्रोलचा वास नाकाला कळतो, पण एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. छप्पर लावून चालवताना डोकं जड होत असेल, झोप येत असेल, तर फायरवॉल पूर्ण होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो मी आता कायम सीटमागे ठेवतो.

बुजवायचं कशाने

बिल्डिंगवाले खिडकीभोवती मारतात तो फुगणारा फोम मारू नका. मी ज्या तीन गाड्या पाहिल्या त्यात हाच सापडला. तो पाणी धरून ठेवतो, मागचा पत्रा खातो, आणि आगीत जळतो. ज्या भिंतीचं नावच फायरवॉल, तिच्यात जळणारी वस्तू भरण्यात काय अर्थ आहे? साधं बाथरूमचं सिलिकॉनही मॅनिफोल्डच्या बाजूला टिकत नाही.

मोठ्या तोंडावर पत्राच हवा. पेडल बॉक्सची पट्टी मी घासून, गंजरोधक प्रायमर आणि रंग देऊन तीच परत लावली. खाली नवं गॅस्केट कापलं, सगळे बोल्ट रुंद वायसर घालून, कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे थोडे थोडे आवळत. कॉलमच्या भोकासाठी दीड मिलिमीटर जाडीचा गोल पत्रा, कडेने न वाळणारं मॅस्टिक आणि चार बोल्ट. वेल्ड केलं नाही, कारण उद्या कुणाला गाडी परत डाव्या हाताची करायची असेल तर त्याचा रस्ता मोकळा राहावा. पण पत्रा गंजून पातळ झाला असेल तर वेल्डिंगला पर्याय नाही. त्या वेळी आधी बॅटरी सोडा, मागची पॅडं काढा आणि आत माणूस पाण्याची बादली घेऊन बसवा.

लहान भोकांना बंद तोंडाचे ग्रोमेट. भोकाचा व्यास आणि पत्र्याची जाडी दोन्ही मोजा. खाच पत्र्यापेक्षा रुंद असेल तर ग्रोमेट बसल्यासारखं वाटतं, पण महिनाभरात निघून येतं. माझी पहिली दोन संच-खरेदी त्यातच वाया गेली. मॅनिफोल्डच्या जवळ रबराऐवजी पत्र्याची टोपी.

वायरींबद्दल जरा थांबून सांगतो. वायरचा जुडगा जिथून आत जातो तिथलं ग्रोमेट गेलं असेल तर पाण्याआधी आगीचा विचार करा. विजेचे भाग बनवणाऱ्या ल्यूकस कंपनीच्या रंगपद्धतीत तपकिरी वायर म्हणजे बॅटरीकडून थेट येणारा, फ्यूज नसलेला, चावी बंद असली तरी जिवंत प्रवाह. तिचं वेष्टण पत्र्याच्या कडेवर घासून गेलं तर मध्ये तोडायला काहीच नाही. रेडिओ, अलार्म, ओव्हरड्राइव्हची नंतर ओढलेली वायर, यांच्यासाठी लोक ड्रिलने भोक पाडतात आणि ग्रोमेट घालत नाहीत. अशी प्रत्येक वायर शोधा. ती काढून रिकाम्या पण नीट ग्रोमेट असलेल्या जुन्या वाटेने न्या, आणि नवं भोक बंद करा.

भोक नसतानाही पाणी

काळोखात एकही रेघ दिसली नाही तरी पाणी येत असेल तर काचेखालची जाळी बघा. हीटरला हवा तिथून मिळते आणि पावसाचं पाणीही तिथूनच आत पडतं. खालच्या पोकळीतून ते एका रबरी नळीने टनेलच्या बाजूने खाली गाडीबाहेर जायला हवं. नळीचं टोक चपटं असतं, म्हणजे खालून हवा वर येऊ नये. पानं, धूळ, झाडाचा चीक त्याच चपट्या ओठात अडकतात. पोकळी भरते, आणि पाणी हीटरच्या वाटेने गालिच्यावर येतं. कोकणात पावसाळ्याआधी कौलं चाळतात, पन्हळ साफ करतात, तसं वर्षातून एकदा गाडीखाली जाऊन ही नळी दोन बोटांनी चोळायची. वरून एक मग पाणी ओता. खाली लगेच धार लागली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल तर नळी काढून धुवा.

वासाचंही तसंच. बॉनेटच्या मागच्या कडेचं रबर चपटं झालं असेल तर इंजिनखोलीतली हवा त्या फटीतून वर येते आणि लगेच त्याच जाळीतून हीटरमध्ये ओढली जाते. हीटरचा पंखा लावल्यावरच वास येत असेल तर बहुधा हेच, किंवा हीटरचा डबा आणि शेल्फ यांच्यामधलं सील.

दुसऱ्या गाड्यांचे मालकही विचारतात म्हणून थोडक्यात: भाग वेगळे असले तरी शोधायची पद्धत हीच. १९६८ ते १९८२ च्या कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्सकारमध्ये एसी असलेली आणि नसलेली गाडी यांची फायरवॉल सगळ्यात वेगळी दिसते, कारण हीटरचा डबा आणि ब्लोअर यांची मांडणीच वेगळी. मॅन्युअलची ऑटोमॅटिक केली की क्लचच्या दांड्याचं भोक उरतं. १९७४ पर्यंत टॅकोची केबल डिस्ट्रिब्युटरवरून येते, १९७५ पासून टॅको विजेवर. तिथे भिंत फायबरग्लासची आहे, तेव्हा गंज नाही, पण जास्त आवळलं तर तडा जातो.

माझ्या गाडीची भोकं बंद केल्याला आता एक हिवाळा झाला. गालिचे अजून टाकले नाहीत. त्याऐवजी दोन्हीकडे वर्तमानपत्र पसरतो, कारण कागदावर थेंब पडला की सुकल्यावरही डागाची कड राहते आणि तो कुठून पडला ते कळतं. नोव्हेंबरात चार दिवस सलग पाऊस झाला. डावीकडचा कागद कडकडीत कोरडा. बायकोने टॉवेल घरात नेऊन धुतला. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात रुपयाएवढा एक डाग आहे, काचेच्या चौकटीचा पाय जिथे पत्र्यात शिरतो त्याच्या बरोबर खाली. तिथलं सील मागवलं आहे, या वेळी जीएचएन५यूडी असं लिहून.